क्लबला माणसं मिळत नाहीत? आधी पहारे वाटून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फोंडा तालुक्यातल्या गावात मुलांचा ॲथलेटिक्स क्लब, आठ ते सोळा वयाची पंचेचाळीस मुलं, आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सराव. सहा वर्षांपूर्वी पाच जणांनी सुरू केलेला क्लब आता तुम्ही आणि तुमचा मामेभाऊ असे दोघेच ओढताय. पालक मुलांना सोडतात आणि गाडीत बसून मोबाईल बघतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा' असं तीनदा टाकलंत. आठ-दहा अंगठे आले, माणूस एकही नाही. आता पैसे देऊन कोणी ठेवावं, फी वाढवावी, की क्लब बंदच करावा, असं विचारताय.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आयुष्यात कधी शर्यत धावले नाही. एका पतसंस्थेत हिशेब बघते. सतरा वर्षांपूर्वी मुलीला घेऊन डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मैदानावर गेले, तिथल्या सरांनी टेपचं एक टोक हातात दिलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा धरा." मुलगी पुढे धावायची थांबली, लग्न होऊन पुण्याला गेली. मी अजून टेप धरून आहे. त्यातली बारा वर्षं सेक्रेटरी म्हणून.

तुम्ही विचारलंय माणसं कशी आणायची. मला मात्र सोडून गेलेल्या तिघांबद्दल जास्त कुतूहल आहे. त्यांच्यासाठी तुम्ही एवढंच लिहिलंय, 'कामाच्या व्यापामुळे'. आमच्याकडूनही अशी पंधराएक माणसं गेली, आणि पुढे जत्रेत, लग्नात भेटली की हळूहळू खरं कारण सांगायची. काम जड होतं असं क्वचितच कोणी म्हणालं. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, की काम कुठे थांबायचंच नाही. आधी 'रविवारी जरा येशील?' मग दर रविवारी. मग चुन्याची पोती आणायची. मग चालकाला फोन करायचा, मग पालकांच्या तक्रारी ऐकायच्या. एकदा हो म्हटलं की बाहेर पडायला वाटच नाही. मग कोणीतरी मुलीच्या दहावीचं निमित्त करतो आणि तोंड चुकवायला लागतो. हे सगळं पालक गाडीत बसून बघत असतात. तुम्हा दोघांची अवस्था रोज समोर दिसत असताना कोण काच खाली करील?

आता माझं कुठलं तुमच्याकडे चालणार नाही, तेही बोलून घेऊ. मैदान शाळेचं असेल तर मुख्याध्यापक बदलले की गणित बदलतं. आमचं मैदान कोमुनिदादीचं, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी संस्थेचं आहे, तिथे वेगळ्या कटकटी. तुमच्याकडे कुंडईची औद्योगिक वसाहत जवळ म्हणजे शिफ्टवाले पालक जास्त असणार, त्यांना 'दर मंगळवारी' हे सांगून उपयोग नाही. आणि तुमच्यापैकी कोणी शिकलेला प्रशिक्षक आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. नसेल, तर खाली मी पैशांबद्दल म्हटलंय ते नीट वाचा.

हे काम वाटायचं कसं, हे मी कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही. देवळात शिकले. श्रावणात आपल्याकडे भजनी सप्ताह असतो. वास्कोच्या दामोदराचा सगळ्यांना ठाऊक आहे, तो मोठा. पण गावोगावच्या देवळांतही भजन अखंड चालतं, आणि त्यासाठी कोणी 'इच्छुकांनी संपर्क साधावा' अशी पाटी लावत नाही. वाड्यावाड्याला पहारा ठरलेला असतो. आमच्या वाड्याचा रात्री दोन ते चार. माझे सासरे ऐंशीच्या घरात असतानाही दीडला उठून अंघोळ करून जायचे. पुढच्या वाड्याच्या माणसानं टाळ हातात घेईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. पण चारनंतर त्यांना 'जरा अजून बसा' असं कोणी म्हणायचंही नाही. घरी येऊन सात वाजेपर्यंत निवांत झोपायचे.

आमच्या क्लबात नेमकं हेच नव्हतं. कोणाची वेळ कधी सुरू होते, कधी संपते, टाळ कोणाच्या हातात द्यायचे, काहीच ठरलेलं नव्हतं. सगळे टाळ माझ्याच हातात, आणि ते मला कळायला डेंग्यू व्हावा लागला. पाऊस संपता संपता मी तीन आठवडे अंथरुणावर. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. चौथ्या दिवशी एक मुलगा किल्ली मागायला घरी आला, तर आमच्या यांना कुठली किल्ली तेच माहीत नाही आणि मी तापात. नवव्या दिवशी पोरांनी चिऱ्याच्या तुकड्यानं कुलूप फोडलं. बरी होऊन गेले तेव्हा आधी कुलूप फोडल्याचा राग आला. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. एका किल्लीपायी तीसेक मुलं आठवडाभर नुसत्या फेऱ्या मारत होती.

मग वही घेऊन बसले आणि क्लबात वर्षभर होणारं एकेक काम लिहून काढलं. मैदान उघडणं, हजेरी, चुना आणणं, रेषा मारणं, खड्ड्यातली वाळू खणणं, गोळे-भाले मोजून आत ठेवणं, पाण्याची पिंपं, प्रथमोपचाराची पेटी भरणं, फी, पावत्या, बँक, जन्मदाखल्यांच्या प्रती, स्पर्धेचे फॉर्म, स्पर्धेसाठी बांबोळीच्या स्टेडियमला न्यायची गाडी, पावसाळ्यापूर्वी ताडपत्री. एकतीस कामं निघाली. त्यातली चोवीस माझ्या नावावर, पाच सरांच्या, आणि दोन कोणाच्याच नाहीत. ती दोन कधी व्हायचीच नाहीत. प्रथमोपचाराची पेटी त्यातलीच एक. आतलं आयोडीन केव्हाच वाळून गेलं होतं.

तुम्हीही आधी एवढंच करा. मामेभावाबरोबर बसा, कामं लिहा, आणि प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी टाका: वेळ किती लागतो, वर्षात कधी करायचं, आणि ते करायला ॲथलेटिक्स यावं लागतं का. तिसऱ्या रकान्यात 'नाही' किती वेळा येतं ते बघाल. आमच्याकडे एकतीसपैकी तेवीस.

पुढचा भाग म्हणजे विचारणं. ग्रुपवर विचारू नका. 'स्वयंसेवक हवेत' या वाक्यात काम कुठलं तेच नाही, तर माणूस हो कशाला म्हणेल? एकेकाला गाठून एकच काम सांगा, त्याची वेळ सांगा आणि ते संपतं कधी तेही सांगा. "ऑक्टोबरातल्या पहिल्या दोन रविवारी सात ते नऊ, लांब उडीचा खड्डा खणायचा आहे. फावडं आहे. चहा-पाव आमचा." यावर माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, दोन्ही चालतं. आणि ते दोन रविवार झाले की तिसऱ्या रविवारी त्याला फोन करू नका. इथेच आपण घसरतो. माणूस चांगला निघाला की आपल्याला हाव सुटते. मी स्वतः अशा चार चांगल्या माणसांना पळवून लावलंय, म्हणून सांगते.

गाडीतून उतरायला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे स्टॉपवॉच. एक बाप होता, कदंबच्या सरकारी बसवर ड्रायव्हर, कोपऱ्यात स्कूटरवर बसून राहायचा. त्याला म्हटलं, घड्याळ धरा. तो म्हणाला, "म्हाका हातूंतलें कितें कळटा?" म्हणजे मला यातलं काय कळतं? म्हटलं, मलाही कळत नव्हतं. मग त्याला सरांनी शिकवलं ते मी शिकवलं. शर्यत सोडायला दोन फळ्या आपटतात तो क्लॅपर, त्याच्या आवाजावर घड्याळ सुरू करायचं नाही, फळ्या मिटताना दिसल्या की करायचं, कारण शंभर मीटरवरून आवाज यायला जवळजवळ ०.३ सेकंद जातात आणि तेवढ्यात पोराची वेळ फुकट 'सुधारते'. शेवटाला डोकं किंवा हात बघायचा नाही, छाती रेषेवर आली की बंद. एका धावपटूवर तीन घड्याळं असतील तर दोन जुळली ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. दोनच असतील तर जी जास्त ती. आणि हाताच्या घड्याळावर १३.४१ आलं तर १३.५ लिहायचं, १३.४ नाही. हे शेवटचं ऐकून तो हसला. म्हणाला, बसच्या वेळापत्रकातही असंच करायला हवं. पुढच्या आठवड्यापासून तो स्वतःहून शेवटाच्या रेषेवर उभा राहायला लागला. पाच वर्षं होता. मुलगा बारावीला गेला तसा तो थांबला, आणि जाताना त्यानं दुसऱ्या दोन बापांना घड्याळ शिकवून ठेवलं होतं.

इथे एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: आपल्या पोराच्या लेनवर आपलं घड्याळ नाही, आपल्या पोराच्या उडीला आपला टेप नाही. यात अविश्वास कसलाच नाही, बापाचं बोट नकळत लवकर दाबलं जातं. नियम नसताना आमच्याकडे दोन आयांचं एका लांब उडीवरून जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

दुसरा किस्सा रेषा मारण्याचा, कारण हे काम सगळ्यांना अवघड वाटतं आणि प्रत्यक्षात एका कसबी माणसाच्या हवाली करण्यासारखं आहे. आमच्या मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक बसत नाही, दोनशेचा बसतो. दोन सरळ बाजू पन्नास-पन्नास मीटरच्या, दोन अर्धवर्तुळं मिळून शंभर. अंतर रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणून आतली चुन्याची रेषा १५.७२ मीटर त्रिज्येवर मारायची. हे सगळं सर करायचे. सरांची बदली झाली आणि आम्ही उघडे पडलो. एका मुलीचे वडील मेस्त, म्हणजे कसबी कारागीर. त्यांना खुंट्या, सुंभ आणि कागद दिला. त्यांनी कागद बघितला आणि भांडायलाच लागले. चारशेच्या ट्रॅकवरही पूर्ण फेरीला आतल्यापेक्षा लगतच्या बाहेरच्या लेनला सातेक मीटर पुढे ठेवतात, आणि आमच्या एवढ्याशा दोनशेच्या ट्रॅकवरही साडेसात? मैदान लहान तर फरकही लहान हवा! मला उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनीच मैदानावर सुंभ टाकून दोन्ही लेन मोजल्या, मग पायाने आणखी छोटं वर्तुळ काढून पुन्हा मोजल्या. फरक तेवढाच आला. लेनची रुंदी १.२२ मीटर असेल तर पूर्ण फेरीला ७.६७, एक मीटर असेल तर ६.२८, वर्तुळ केवढं आहे त्याच्याशी संबंध नाही. ते उठले, गुडघ्याची तांबडी माती झटकली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण मोजल्याशिवाय मी मारला नसता." त्या दिवसापासून ट्रॅक त्यांचा. त्यांनी खुंट्यांच्या जागी जमिनीत कायमचे लोखंडी तुकडे ठोकून ठेवलेत, त्यामुळे पावसानंतर पुन्हा मोजणी करावी लागत नाही. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. काम दिलं की ते कसं करायचं हेही त्या माणसावर सोडा. दर वेळी मागे उभं राहून 'सर असं करायचे' म्हणत बसलात तर मेस्त दुसऱ्या दिवशी येणार नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: कामं लिहा, ॲथलेटिक्स न लागणारी वेगळी काढा, एकेका माणसाला एकेक काम वेळेसकट द्या, वेळ संपली की सोडा, आणि जाताना टाळ दुसऱ्याच्या हातात जाईल असं बघा.

पालकांपलीकडेही बघा. आमचे सगळ्यात नियमित दोघेजण पालक नाहीतच. एक आजोबा आहेत, नातू क्लबात होता तो कधीच गेला, आजोबा राहिले. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा आम्ही मुलांना ॲथलेटिक्स बघायला बांबोळीला नेलं. मुलं धावपटू बघत होती आणि आजोबा तासभर लांब उडीचा खड्डा बघत होते. परत येताना गाडीत मला म्हणाले, प्रत्येक उडीनंतर ती माणसं वाळू कशी सपाट करतात बघितलंस? आपण करतो ती वाळू नव्हे, शेत आहे. आता खड्डा त्यांचा. वाळू उडी घ्यायच्या फळीच्या पातळीला आहे का, हे दोरी लावून बघतात. खड्ड्यात येणाऱ्या मांजरांवरून त्यांचं आणि शेजारच्या घरवाल्यांचं रोज वाजतं, ते वेगळं.

दुसरी आमचीच जुनी धावपटू, आता कॉलेजात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लहानांची वॉर्म-अप घ्यायला लावा, हजेरी द्या. बारावीच्या वर्षी ही मुलं जाणार, हे धरून चाला. जाऊ द्या. गोड बोलून पाठवलेली मुलं परत येतात. आमच्याकडे तिघं आली.

वेळापत्रक आपल्या गावाचं बघून करा. कागदावर बारा महिने असले तरी मैदानाला आपल्याकडे आठच मिळतात. जूनपासून मैदान म्हणजे तळं. मेच्या शेवटच्या आठवड्यात खड्ड्यावर ताडपत्री आणि कडेला चिरे, नाहीतर ऑक्टोबरात वाळू दगडासारखी मिळते. पावसात आम्ही देवळाच्या सभामंडपात सराव घेतो. चपला-बूट बाहेर, त्यामुळे सगळं अनवाणी. सर सांगायचे, पोरांचे पाय त्यानेच घट्ट होतात. आरती सहा वाजता, म्हणून आम्ही पावणेसहाला मंडप झाडून मोकळा करतो. ते झाडण्याचंही काम एकाच्या नावावर आहे, कारण एकदा राहिलं होतं आणि देवस्थान समितीकडे तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा कोणाकडून काही मागू नका. जत्रेच्या दिवशीही नाही. ख्रिस्ती पालक असतील तर नाताळ आणि गावचं फेस्त आधी वहीत टाका, नाहीतर त्याच रविवारी स्पर्धा ठेवाल. आम्ही ठेवली होती. शिफ्टवाल्यांना वार देऊ नका, काम द्या: 'महिन्यातून दोनदा, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, पेटी आणि पिंपं बघ.' ते चोख करतात.

आता पैसे. तुम्ही विचारलंत ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक ते एकत्र करतात. जो माणूस मुलांना उडी, भाला, अडथळे शिकवतो, त्याला शिकवायचं ज्ञान लागतं आणि दर वेळी हजर राहावं लागतं. त्याला मानधन द्या, लाजू नका. तुमच्यात शिकलेला कोणी नसेल तर फी त्यासाठी वाढवा आणि पालकांना तसं स्पष्ट सांगा. पण वाळू खणणं, घड्याळ धरणं, गाडीत मुलांबरोबर बसणं याला पैसे देऊ नका. आम्ही एक वर्ष दिले, रविवारचे दीडशे. महिनाभरात फुकट करणारे विचारायला लागले की त्याला का आणि मला का नाही. सहा महिन्यांत दोन्ही प्रकारची माणसं गेली. खिशातून गेलेलं मात्र परत द्यायलाच हवं. पेट्रोल, चुना, फोन, पावती असो वा नसो. पेट्रोलचे पैसे मागायला लाजणारा माणूस तिसऱ्या महिन्यात यायचा थांबतो आणि कारण दुसरंच सांगतो.

देणगीदार मिळाले तर घ्या, पण त्यावर क्लब उभा करू नका. आमच्या भागात खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकमालक हसत बॅनर आणि बूट द्यायचे. २०१२ ला खाणी थांबल्या, मग २०१८ ला पुन्हा, आणि ते बिचारे स्वतःच हप्त्यांत अडकले. आमदार किंवा पंचायतीचे पंच टी-शर्ट देतील, छान. पाठीवर नाव कोणाचं येणार ते आधी विचारा, म्हणजे निवडणुकीच्या वर्षी पंचाईत होत नाही.

हिशेबात मी पोळलेय, आणि तेही हिशेबनीस असून. एका स्पर्धेची प्रवेश फी रोख जमली, ती माझ्या घरच्या पर्समध्ये गेली. रात्री मोजली तर ११४० रुपये कमी. घरचे किती, क्लबचे किती, काही लागेना. मी खिशातून भरले आणि गप्प बसले. ती चूक मोठी. चार महिन्यांनी गावात वेगळंच ऐकू आलं. तेव्हापासून रोख घेणारा एक, मोजणारा दुसरा, पावती पुस्तक तिसऱ्याकडे, आणि बँकेत दोन सह्या. क्लबची नोंदणी केलेली नसेल तर करा. संस्था नोंदणी कायदा १८६०, किमान सात जण लागतात. सहा वर्षं चालवलेल्या क्लबला सात सह्या मिळत नाहीत असं होऊ नये, पण होतं, मी बघितलंय. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते. हे काम नोंदणी करून विसरणाऱ्या क्लबांच्या मानेवर नंतर बसतं. एका पालकाला वर्षातून एकदा एवढंच काम द्या. सरकारी कचेरीत असलेला कोणी सापडला तर उत्तमच.

एक बाब वाटाघाटीची नाही. माणसांची कितीही टंचाई असली तरी मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीही नको. ना मैदानावर, ना खोलीत, ना गाडीत. नवीन माणूस आला तर आधी चौकशी, पहिले काही महिने जुन्याबरोबर. मुलींची टीम बाहेर जाते तेव्हा बरोबर बाई हवीच. मुलाला न्यायला कोण येणार हे वहीत, दुसरं कोणी आलं तर पालकांना फोन. आणि काही गैर कळलं तर 'क्लबचं नाव जाईल' म्हणून आपसात मिटवायचं नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराखालच्या सगळ्या मुलांना लागू आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या माणसाला ती पोलिसांना कळवावीच लागते. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर खोलीच्या दारावर लिहून ठेवा, १०८ च्या शेजारी.

मैदानावरच्या सुरक्षेसाठीही काही पहारे न चुकणारे आहेत. भाला आणि गोळा चालू असताना एक माणूस फक्त बघायला उभा, दुसरं काही करायचं नाही, फोनही नाही. सगळे टाकून झाल्यावरच, तो म्हणेल तेव्हा, चालत जाऊन आणायचे. गोळा वयाप्रमाणे: अठराखालच्या मुलींना तीन किलो, मुलांना पाच. हे रंगाने खुणा करून ठेवा, कारण मदतीला आलेला माणूस हाताला लागेल तो गोळा देतो. ऑक्टोबरात आणि मेमध्ये संध्याकाळी गडगडायला लागलं की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी परत यायचं नाही. पालक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

शेवटी तुम्ही जे सरळ विचारलं नाहीत पण प्रश्नात दिसतंय, की तुम्ही स्वतः सोडावं का. लगेच नको, पण तारीख आजच ठरवा आणि मामेभावाला सांगा. मी माझी ठरवली आहे: पुढच्या वर्षीची वार्षिक सभा. गेल्या चवथीपासून बँकेचं काम एका तरुण आईकडे दिलंय. तिची पद्धत वेगळी आहे, ती पावत्या फोनमध्ये ठेवते, माझ्या वह्यांकडे ढुंकून बघत नाही. पहिले दोन महिने मला रात्री झोप यायची नाही. तिसऱ्या महिन्यात तिनेच माझी २०१९ सालची एक बेरीज चुकल्याचं दाखवलं.

येत्या रविवारी पंचेचाळीस पालकांना बोलवू नका. गाडीत बसणाऱ्यांपैकी एकच निवडा, मोबाईलवर सगळ्यात कंटाळलेला दिसेल तो, आणि काचेवर टकटक करून स्टॉपवॉच हातात द्या. घड्याळ साधं घ्या, मोठ्या बटणाचं, आणि त्याची दोरी गळ्यात घालायला लावा. आमची पहिली दोन खड्ड्याच्या वाळूत गेली, ती आजोबांना चार वर्षांनी सापडली.